गुज ज्याचे त्याचेच

वर्तमानपत्रात ‘मान्यवरांनी विद्यार्थ्यांशी हितगुज साधले’ असे वाक्य आले की मला ते खटकते. व्यासपीठ असते, ध्वनिक्षेपक असतो, समोर शाळेची सगळी मुले बसवलेली असतात आणि जे बोलले जाते ते शेवटच्या रांगेपर्यंत नीट ऐकू जावे अशी व्यवस्था केलेली असते. त्याला भाषण म्हणावे, मार्गदर्शन म्हणावे, फार तर संवाद म्हणावा. पण हितगुज हा शब्द मराठीने एका अगदी वेगळ्या आणि नाजूक व्यवहारासाठी घडवला आहे, आणि सभामंडपात वापरून वापरून तो झिजला, तर त्या व्यवहाराला नाव म्हणून तितका नेमका दुसरा शब्द आपल्याकडे उरणार नाही. अमळनेर-पारोळ्याकडच्या माणसांत वाढून आता जळगावात राहणाऱ्या मला या शब्दाविषयी जे वाटते ते सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

यातला ‘गुज’ हा भाग संस्कृत ‘गुह्य’पासून आला. ‘मध्य’चे प्राकृतात ‘मज्झ’ झाले आणि त्यातून आपले माजघर आले, ‘मह्यम्’चे ‘मज्झ’ होऊन कवितेतले ‘मज’ आले. त्याच वाटेने ‘गुह्य’चे ‘गुज्झ’ आणि पुढे ‘गुज’ झाले. मूळ धातू ‘गुह्’, म्हणजे झाकणे, आड ठेवणे. गुहा, गूढ, निगूढ हे शब्द याच कुळातले. ज्ञानेश्वरीत ‘गुज’ जागोजाग भेटते, म्हणजे किमान सातशे वर्षे हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी आहे, आणि इतक्या काळात त्याचा अर्थ फारसा हललेला नाही, ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते.

‘गुपित’ मात्र दुसऱ्या घरचे. त्याचा धातू ‘गुप्’, आणि पाणिनीच्या परंपरेत त्याचा अर्थ दिला आहे तो रक्षण करणे. अर्वाचीन भाषाशास्त्रज्ञ आणखी एक पायरी मागे जातात आणि हा धातूच मुळात ‘गोप’ या शब्दापासून, म्हणजे गाई राखणाऱ्यापासून, निघाला असे सांगतात. गाई राखणे यावरून नुसते राखणे, आणि राखणे यावरून जपून, दृष्टीआड ठेवणे असा हा प्रवास आहे. आमच्या अहिराणीचे नाव ज्या आभीरांवरून, अहिरांवरून आले, ते गोपालकच होते. नाशिकच्या पांडवलेण्यांत इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला आभीर राजा ईश्वरसेनाचा शिलालेख आजही आहे. शब्द खानदेशात जन्मला असे मी म्हणणार नाही, तो त्याहून पुष्कळ जुना आहे, पण गुराख्यांच्या नावाची बोली बोलणाऱ्या माणसाला ‘गुपित’ या शब्दात गुराखी दिसावा, याचा मला आनंद वाटतो. गंमत पुढेही आहे. ज्या ‘गोष्ठ’ शब्दापासून आपला गोठा आला, त्याच्यापासूनच ‘गोष्ठी’ म्हणजे मंडळींची बैठक, त्या बैठकीतले बोलणे, आणि मग आपली ‘गोष्ट’ आली. अहिराणीत तिचे ‘गोट’ झाले. ‘तुले एक गोट सांगस’ असे म्हणत कोणी जवळ सरकले, की पुढे येते ते गुज असते.

विश्वास या शब्दाकडेही एकदा नीट पाहायला हवे, कारण आपण तो इतका वापरतो की त्याचा आतला अर्थ कानांवरून जातो. ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे; ‘विश्वस्’ म्हणजे मोकळा श्वास घेणे, भयमुक्त होणे. आश्वासन, निःश्वास, उच्छ्वास ही सगळी त्याचीच भावंडे. ज्याच्याजवळ छाती आवळून धरावी लागत नाही, तो विश्वासाचा माणूस. संस्कृतात ‘विश्रंभ’ असा आणखी एक शब्द आहे, त्याच्या मुळाशी सैल होणे आहे, आणि जिवलगांच्या खासगी बोलण्याला तिथे विश्रंभालाप म्हणत. ह. वि. मोटे यांनी नामवंतांच्या खासगी पत्रांचा जो मोठा संग्रह काढला, त्याला ‘विश्रब्ध शारदा’ हे नाव दिले ते याच अर्थाने. आपण रोजच्या भाषेत ‘मन मोकळे केले’ म्हणतो, त्यातही हेच सैल होणे आहे. इंग्रजांनी या व्यवहारासाठी लॅटिनमधून ‘कॉन्फाइड’ हा जो शब्द घेतला, त्यातही ‘फीदेस’, म्हणजे निष्ठा आणि भरवसा, हाच गाभा आहे. फार्सी-अरबीतून आलेले ‘खलबत’ मात्र आपल्याकडे येऊन बिघडले. मूळ ‘खलवत’ म्हणजे नुसता एकांत. राजवाड्यांतून फिरता फिरता तो कटाचा एकांत झाला आणि आज कोणी खलबते करतो म्हटले की आपण सावध होतो. गुज या शब्दावर तशी पाळी आली नाही, आणि त्याचे श्रेय मी त्याच्याआधी जोडलेल्या ‘हित’ला देते.

‘हित’ म्हणजे कल्याण हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण व्याकरणाने पाहिले तर ‘हित’ हे ‘धा’ धातूचे रूप आहे आणि त्याचा पहिला अर्थ ‘ठेवलेले’ असा आहे. निहित आणि निधी हे शब्दही तिथलेच. योग्य ठिकाणी ठेवलेले ते हितकर, अशा रीतीने कल्याणाचा अर्थ त्याला चिकटला. हितगुज हा जोडशब्द ज्यांनी घडवला त्यांच्या मनात कल्याणच असणार, ठेवणे नसणार, हे उघड आहे. तरी मला त्या जुन्या अर्थाचा मोह सोडवत नाही, कारण गुज सांगणे हे खरोखरच ठेव ठेवणे आहे, आणि ठेवीचा जो पहिला नियम तोच गुजाचाही आहे: ठेवलेली वस्तू ज्याच्या हाती ठेवली त्याची होत नाही.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी या विषयावर बारकाईने विचार केला आहे. मनुस्मृतीत राजापुढे येणाऱ्या वादांची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ‘निक्षेप’, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू, हे दुसरेच पद आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तर एक खास प्रकार सांगितला आहे: पेटीत किंवा भांड्यात बंद करून, आत काय आहे हे न सांगता, दुसऱ्याच्या हाती दिलेली ठेव. ती जशीच्या तशी परत द्यावी, असा नियम आहे. घेणाऱ्याने उघडून पाहणे नाही, मोजणे नाही, वापरणे तर नाहीच. अरबीतून आलेल्या ‘अनामत’ शब्दातही हीच शहाणीव आहे, कारण ज्या मुळापासून अमानत, म्हणजे आपली अनामत, आली त्याच मुळापासून इमान आले. अनामत सांभाळण्यात कसूर केली तर रक्कम जाते आणि इमानही जाते.

आजच्या कायद्यानेही हा विचार सोडलेला नाही. अशिलाने वकिलाला व्यवसायाच्या संबंधात जे सांगितले, ते त्याच्या स्पष्ट संमतीवाचून वकिलाला उघड करता येत नाही. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात हे कलम 126 मध्ये होते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 132 मध्ये आहे, आणि वकीलपत्र संपल्यावरही हे बंधन संपत नाही. एखादे बेकायदेशीर काम साधण्यासाठी जे सांगितले गेले, त्याला मात्र हे संरक्षण नाही. यातली मला भावणारी गोष्ट अशी, की संमती द्यायची की नाही हे ठरवणारा सांगणारा आहे, ऐकणारा नाही. आपल्या रोजच्या व्यवहारात नेमके उलटे होते. एकदा ऐकले की ते आपले झाले असे ऐकणारा समजतो, आणि पुढे कोणाला सांगायचे, किती सांगायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे, हे सगळे तोच ठरवू लागतो. बहुतेक गुपिते वैरातून फुटत नाहीत, या गैरसमजातून फुटतात.

गुज कोणाला सांगावे, याचे उत्तर मला गीतेत सापडले, आणि गीतेचा आमच्या खानदेशाशी एक फार जवळचा संबंध आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले, 21 फेब्रुवारीला पहिले आणि 19 जूनला अठरावे, आणि अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती सगळी लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून झाले. ‘राजविद्या राजगुह्य’ या नवव्या अध्यायाचे प्रवचन 17 एप्रिलचे आहे, म्हणजे खानदेशातल्या भर उन्हाळ्यातले. या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात कृष्ण अर्जुनाला म्हणतो की हे सर्वांत गुह्य ज्ञान मी तुला सांगतो आहे, कारण तू ‘अनसूयु’ आहेस. असूया म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्यातही खोट काढण्याची वृत्ती, आणि अनसूयु म्हणजे ती ज्याच्या ठायी नाही तो. गुज ऐकण्याची पात्रता म्हणून इथे विद्वत्ता मागितलेली नाही, पराक्रम मागितलेला नाही, तोंड बंद ठेवण्याची शपथसुद्धा मागितलेली नाही. खोट काढणारा नसावा, एवढेच मागितले आहे. त्याआधी चौथ्या अध्यायात ‘भक्तोऽसि मे सखा च’, तू माझा भक्त आहेस आणि मित्र आहेस, म्हणून हे रहस्य सांगतो असे म्हटले आहे. आणि शेवटी अठराव्या अध्यायात, सगळे सांगून झाल्यावर, ‘सर्वगुह्यतमं भूयः शृणु मे परमं वचः’ अशी सुरुवात करून कृष्ण म्हणतो, ‘इष्टोऽसि मे दृढमिति ततो वक्ष्यामि ते हितम्’. तू मला अतिशय आवडतोस, म्हणून तुझ्या हिताचे सांगतो. एकाच श्लोकात गुह्य आहे आणि हित आहे. आपला शब्द या श्लोकातून निघाला असा माझा दावा नाही, पण ही जोडी किती जुनी आहे हे यावरून कळते. ज्ञानेश्वरांनी त्या अध्यायाच्या शेवटाकडे कृष्णार्जुनांच्या आलिंगनाविषयी ‘ये हृदयींचें ते हृदयीं घातलें’ असे म्हटले आहे आणि लगेच ‘द्वैत न मोडितां’ असेही म्हटले आहे. एका हृदयातले दुसऱ्या हृदयात घातले, पण दोघांचे दोनपण मोडले नाही. ठेवीचा नियम याहून सुंदर कोणी सांगितलेला मला ठाऊक नाही.

आता हे सगळे जिथे मी प्रत्यक्ष पाहिले, त्या ठिकाणी येते. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा माहेरपणाचा सण आहे. पितरांची घागर भरली जाते, खापरावर पुरणाच्या पोळ्या होतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, आणि सासरी गेलेल्या लेकी वर्षातून एकदा तरी या निमित्ताने घरी येतात. वाळवणाचे दिवस तेच. आमच्याकडे बिबडे करायचे असले की पहाटेच अंगणातल्या चुलीवर मोठे पातेले चढे. भिजवून आंबवलेल्या ज्वारीची भरड त्यात शिजे, तीळ, जिरे, लसूण आणि तिखट पडे, आणि घाटा गरम असतानाच आळीतल्या बायका गच्चीवर ओली धोतरे अंथरून बसत. पाण्याचा हात घेऊन गोळा ठेवायचा आणि बोटांनी तो पातळ, गोल थापत न्यायचा. घाटा निवला तर थापला जात नाही, म्हणून कोणाला उठता येत नाही. हात गुंतलेले असतात, नजर खाली फडक्यावर असते, आणि उन्हे वर यायच्या आत सगळे आटपायचे असते.

मी लहान होते, माझे काम तांब्यातले पाणी पुरवण्याचे, त्यामुळे मला प्रत्येकीजवळ जावे लागे आणि आवाज कुठे खाली येतो ते कळे. आधी सगळ्यांचे सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलणे चाले, जावयाच्या नोकरीचे, कापसाच्या भावाचे, कोणाच्या लग्नात काय वाढले याचे. मग कधीतरी दोघी एकाच धोतराच्या टोकाला शेजारी शेजारी आलेल्या दिसत आणि त्यांचे बोलणे एकदम हळू होई. माहेरी आलेली लेक बहुतेक वेळा स्वतःच्या आईजवळ बसत नसे. आईला सांगितले तर ती रात्रभर झोपणार नाही, वडिलांना बोलेल, वडील व्याह्यांना बोलतील, हे तिला माहीत असे. ती बसे आमच्या शेजारच्या एका काकूंजवळ. या काकूंना लिहिता-वाचता येत नव्हते, घरात त्यांचा शब्द चालत होता असेही नाही, पण आळीतल्या सगळ्या लेकींची गुजे त्यांच्याकडे ठेवलेली असत. त्या ‘सांगी टाक वं माय’ एवढेच म्हणत आणि थापत राहत. मध्ये प्रश्न विचारत नसत. ‘मग तू काय म्हणालीस?’ हा प्रश्न तर त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही, आणि आज मला वाटते की त्यांचे मोठेपण त्यात होते, कारण त्या प्रश्नात सांगणारीचा न्याय करायची तयारी दडलेली असते. त्या अनसूयु होत्या. सांगणारीने काय सांगितले ते मला कधी कळले नाही, मी पाणी घेऊन गेले की दोघी गप्प होत. कळले एवढेच की उठताना तिचा चेहरा बसतानाच्या चेहऱ्यापेक्षा हलका असे.

म्हणूनच बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही, असे कोणी म्हटले की मी ते ऐकून घेत नाही. या समजाला थेट महाभारताचा आधार दिला जातो. युद्ध संपल्यावर, मृतांना जलांजली देताना, कुंतीने कर्ण हा आपला थोरला मुलगा असल्याचे सांगितले, आणि दुःखाने वेडा झालेल्या युधिष्ठिराने शाप दिला की यापुढे स्त्रियांना गुह्य धारण करता येणार नाही. शांतिपर्वात हा शाप आहे. पण कथा नीट वाचली तर काय दिसते? कुंतीने ते गुपित कौमार्यापासून म्हातारपणापर्यंत, दोन्ही बाजूंना आपलीच मुले उभी असताना, पांडवांना कळू न देता सांभाळले. गुह्य धारण करण्याचा याहून कठोर दाखला त्या ग्रंथात शोधून सापडणार नाही, आणि शाप मिळाला तो नेमका तिच्या निमित्ताने. मला त्या प्रसंगात कुंतीला ऐकून घेणारे कोणी नव्हते याचे दुःख अधिक वाटते. तिच्याजवळ एखाद्या बिबड्याच्या फडक्याशी बसणारी काकू असती तर, असे मनात येते आणि राहून जाते.

आमच्याकडे गुज सांगून झाल्यावर ‘गोट पोटमा ठेवजो’ असे म्हणतात. गोष्ट पोटात ठेव. मनात ठेव किंवा डोक्यात ठेव असे म्हणत नाहीत. प्रमाण मराठीतही पोटात ठेवणे म्हणजे उघड न करणे आणि पोटात घालणे म्हणजे क्षमा करणे, असे दोन अर्थ अगदी शेजारी नांदतात. ज्याला दुसऱ्याचा अपराध पोटात घालता येतो, त्यालाच दुसऱ्याचे गुज पोटात ठेवता येते, हे नवव्या अध्यायातले ‘अनसूयु’ आमच्या बोलीने स्वतःच्या वाटेने गाठलेले आहे.

माणूसच ऐकणारा मिळेल असे नसते, तेव्हा बायकांनी जात्याला ऐकवले. महाराष्ट्रभरातून गोळा झालेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या घरात आहे, आणि त्यांत सासर, माहेर, भाऊ, न झालेले मूल, गेलेला नवरा, हे सगळे दळता दळता सांगितलेले आहे. आसोद्यात 1880 मध्ये जन्मलेल्या आणि जळगावात आयुष्य काढलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात काम करताना त्यांना गाणी सुचत, ती त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचा मावसभाऊ यांनी लिहून ठेवली, आणि 3 डिसेंबर 1951 ला त्या गेल्यानंतर, 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती प्रसिद्ध झाली. आज इथल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. एका बाईने काम करता करता स्वतःशी केलेले बोलणे महाराष्ट्राने आपले मानले, हे आमचे भाग्यच. पण आजूबाजूच्या गावांत तितक्याच पहाटे दळणाऱ्या बाकीच्या बायकांचे गुज जात्यापाशीच राहिले, आणि त्यांनी ते तिथेच ठेवायचे ठरवले असेल तर तेही त्यांचेच म्हणणे मानायला हवे.

बोलीचाही इथे एक मोठा उपयोग आहे. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कचेरीत दोन माणसे प्रमाण मराठीत बोलत असतात, सुट्ट्यांचे, बिलांचे, बदल्यांचे बोलतात, आणि मध्येच एकाचा आवाज उतरतो आणि भाषा अहिराणी होते. ती झाली की समजावे, आता कामाचे बोलणे संपले. कामाच्या शोधात सुरतेला, उधन्याला गेलेली हजारो खानदेशी कुटुंबे आहेत. भुसावळ–सुरत गाडीत नंदुरबार मागे पडले आणि डब्यात गुजराती-हिंदी वाढू लागली, की आमच्या बायका उलट अधिक मोकळ्या होतात, कारण आता अहिराणी हीच त्यांची भिंत होते. शिकलेल्या मुलांना घरी अहिराणी बोलू न देणाऱ्या आईबापांना मी कळकळीने सांगत असते, की मुलांनी जगाशी कोणत्याही भाषेत बोलावे, पण आतले सांगायला त्यांना एक आपली भाषा राहू द्या.

मोबाइलने या सगळ्याची घडी विस्कटली आहे. पंचतंत्रात म्हटले आहे की सहा कानांत गेलेली मसलत फुटते आणि चार कानांतली टिकते. त्यावरूनच आपण ‘षट्कर्णी झाले’ म्हणतो. व्हॉट्सअॅपवर लिहिलेल्या गुजाला कानच नाहीत, त्याचा स्क्रीनशॉट निघतो, आणि तोंडी सांगितलेल्या गोष्टीला ‘मी असे म्हणालेच नव्हते’ म्हणण्याची जी मुभा होती तीही जाते. नात्यातल्या मुलींना मी एवढेच सांगते की मनातले लिहू नका, भेटून सांगा, आणि भेटता येत नसेल तर फोन करा.

प्रत्येक गुज पोटातच ठेवायचे असे मात्र नाही, आणि इथे ‘हित’ पुढे येते. एखाद्या लहान मुलीने किंवा मुलाने कोणी आपल्याशी वाईट वागते असे सांगितले आणि ‘कोणाला सांगू नका’ म्हटले, तर गप्प बसणे हा विश्वास पाळणे नव्हे. 2012 च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणाही व्यक्तीने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. कायदा नसता तरी शब्दाने तेच सांगितले असते, कारण त्यातले हित आधी येते आणि गुज नंतर. मोठ्या माणसांच्या बाबतीत इतके सरळ उत्तर नसते. तिथे ठेव मोडायची नाही आणि माणसालाही बुडू द्यायचे नाही, अशी दुहेरी जबाबदारी येते.

ही जबाबदारी पेलल्याचे एकच उदाहरण मला जवळून ठाऊक आहे. आमच्याकडच्या पुरुषांना बिबड्यांचे फडके नसते. ते पारावर बसतात, टपरीवर चहा घेतात, कापसाचा भाव, केळीचा भाव, गिरणेचे आवर्तन, निवडणूक, यांवर तासन्‌तास बोलतात. पण स्वतःवर किती कर्ज आहे हे त्या पारावर कोणी बोलत नाही, आणि पुष्कळदा घरातही बोलत नाही. बियाण्याची उधारी, सोसायटीचे कर्ज, त्यावर सावकाराचे, आणि बायकोच्या नकळत सराफाकडे गहाण ठेवलेली पोत, असे थर चढत जातात आणि माणूस आतल्या आत चेपला जातो. आमच्या ओळखीचे एक शेतकरी अशा अवस्थेत माझ्या वडिलांकडे, नानांकडे, आले. घरात न येता त्यांनी नानांना बांधावर बोलावले, सगळे सांगितले, आणि शेवटी म्हणाले, ‘जिभाऊ, मना घर हाई गोट सांगू नका.’

नानांनी ते कोणालाही सांगितले नाही, आईलाही नाही. पण पुढचे काही दिवस ते रोज संध्याकाळी त्यांच्या शेतावर जात राहिले. कर्जाचा विषय ते काढत नसत. शेजारी बसत, पाणी पाहत, बैलांना हात लावत. आणि उठताना एकच वाक्य म्हणत, की तुमच्या घरी मी सांगणार नाही, ते तुमचे आहे, पण तुम्ही सांगा. त्या गृहस्थांनी अखेर एका रात्री बायकोला सगळे सांगितले. ती रडली, भांडली, आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसली. कोणाचे आधी द्यायचे, काय विकायचे, माहेरून काय आणता येईल, याचा हिशेब तिने मांडला. पुढे काही वर्षांनी ते सगळे फिटले.

यातले काहीच मला नानांकडून कळले नाही. ते गेल्यानंतर हे गृहस्थ पत्नीला घेऊन भेटायला आले, ओसरीवर बसले आणि आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी स्वतःच्या तोंडाने ही हकीकत सांगितली. मध्ये मध्ये त्यांची पत्नी वाक्य पुरे करत होती. हा लेख लिहायला घेतल्यावर मी त्यांना फोन करून विचारले. लिहायला हरकत नाही, फक्त गावाचे नाव आणि ते कोणते साल होते हे घालू नकोस, असे ते म्हणाले, म्हणून ते दोन्ही मी घातलेले नाही.